सोलापूरहून आधी कुठली राजधानी? विजापूर, गुलबर्गा, बीदर, हैदराबाद आणि हंपी यांची तुलना

सोलापूरवर परकाराचं टोक ठेवून तीनेकशे किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर दख्खनच्या पाच जुन्या राजधान्या त्यात येतात. विजापूर शंभरावर, गुलबर्गा सव्वाशेच्या आत, बीदर दोनशेच्या आसपास, हैदराबाद आणि हंपी तीनशेच्या घरात. पुण्या-मुंबईकरांना यातल्या एकेका शहरासाठी मोठी सुट्टी काढावी लागते. सोलापूरकर मात्र पहाटे निघून रात्री घरी जेवायला येऊ शकतो, निदान पहिल्या दोन शहरांहून तरी. म्हणून इथे प्रश्न जावं की नाही असा नसतोच. आधी कुठे जावं, किती दिवस हाताशी ठेवावेत आणि बरोबर कोण आहे, एवढंच ठरवायचं असतं.

आमचं मत आधीच सांगतो. एकच दिवस असेल तर विजापूर. दोन दिवस असतील तर बीदर, आणि तेही डोळे झाकून. तीन दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर हंपीचं नाव काढू नये. घरात इतिहासाची आवड असणारे आणि नसणारे असे दोन्ही असतील तर हैदराबाद. गुलबर्ग्यासाठी वेगळा दिवस काढण्यापेक्षा ते गाणगापूरला जोडून घ्यावं.

कालक्रमाने बघायचा मोह अनेकांना होतो. बहमनी राज्य १३४७ मध्ये गुलबर्ग्याला उभं राहिलं, पाऊणशे वर्षांनी राजधानी बीदरला गेली, पुढे राज्याचे तुकडे होऊन विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर अशा शाह्या झाल्या. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतलं आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा. या क्रमाने गेलं तर घुमट कसा मोठा होत गेला हे डोळ्यांना दिसतं, हे खरं. अडचण अशी की पहिला मुक्काम गुलबर्गा येतो, आणि पाचांमध्ये नवख्याला सगळ्यांत कमी भिडणारं शहर तेच. मुलं तिथेच कंटाळली तर पुढच्या सहली होत नाहीत.

विजापूर

सोलापूरचा आणि विजापूरचा संबंध नुसता शेजाराचा नाही. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा आपला भुईकोट किल्ला हुंड्यात गेला. याच सोयरिकीतून विजयनगरविरुद्धची युती जुळली आणि १५६५ ची लढाई झाली. म्हणजे विजयनगरच्या राजधानीचे, हंपीचे, आज जे भग्नावशेष दिसतात त्यांचा एक धागा सिद्धेश्वर तलावाकाठच्या या तटबंदीशी येऊन पोहोचतो. निघण्याआधी एक संध्याकाळ आपल्याच किल्ल्यात घालवली तर विजापूर जास्त कळेल.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ ची. घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर, आणि त्याखाली एकही खांब नाही. हे तोलून कसं धरलंय ते खाली उभं राहून नीट बघा: दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवावेत तशा आठ कमानी एकमेकींना छेदतात, त्यातून आठ कोनी चांदणी तयार होते आणि घुमट तिच्यावर बसतो. कमानींमधल्या आत झुकलेल्या बांधकामाचा भार घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला उलटा तोल देतो. बहुतेक लोक हे न बघताच जिन्याकडे पळतात.

जिना चार कोपऱ्यांतल्या सातमजली मनोऱ्यांमधून जातो. पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, काही ठिकाणी अंधार असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचं दालन बघून बागेत थांबावं, त्यात कमीपणा काही नाही. वर घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा आहे. तिथे भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की आवाज गोल भिंतीच्या कडेने सरकत समोरच्या टोकाला, सदतीस-अडतीस मीटरवर, स्पष्ट पोहोचतो. टाळी वाजवली तर ती सात-आठ वेळा घुमून परत येते.

घोटाळा होतो तो इथेच. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, शंभर मुलं एकाच वेळी ओरडतात आणि कुजबुज तर सोडाच, शेजाऱ्याचं बोलणंही कळत नाही. उपाय एकच. वास्तू सकाळी सहाला उघडते, तुम्ही सातच्या आत सज्जावर असा. गाडीने जाणाऱ्याने सोलापुरातून साडेचार-पाचला निघावं. एसटीने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला ही वेळ जमणार नाही. त्याने उलटा क्रम धरावा, म्हणजे आधी शहर आणि दुपारी चारनंतर, सहली परत फिरल्यावर, गोल घुमट. रेल्वेने गेलात तर स्टेशनहून गोल घुमट अगदी जवळ आहे. आरक्षण करताना ‘विजयपुरा’ शोधा, गुलबर्ग्यासाठी ‘कलबुर्गी’. जुनी नावं सापडतीलच असं नाही. घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

इब्राहिम रोजा चुकवू नका. गोल घुमट आकाराने दिपवतो, पण कारागिरी बघायची ती इथे. १६२७ ची ही वास्तू, शिल्पकार मलिक संदल. दगडी जाळ्यांत अक्षरंच कोरून खिडक्या केल्या आहेत, त्यातून उजेड आत येतो तेव्हा ओळी वाचता येतात. गावाच्या पश्चिमेला, तटाबाहेर असल्याने संध्याकाळचं ऊन इथे छान मिळतं.

मध्ये जामा मशीद, अर्धवट राहिलेली बारा कमान आणि मलिक-ए-मैदान तोफ. ही ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली आणि बार्शीजवळच्या परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला आणली. परांडा बघितलेल्याने ही तोफ बघायलाच हवी.

बीदर

बीदरला आपण उगाच मागे ठेवतो. विजापूर जवळ आणि हैदराबाद मोठं, म्हणून मधलं हे शहर राहून जातं. आमच्या मते मात्र पाचांमध्ये दर तासाला सगळ्यांत जास्त पदरात पडतं ते इथेच, कारण गर्दी नाही, अंतरं लहान आहेत आणि प्रत्येक वास्तू वेगळ्या जातीची आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली आणि विठू महाराच्या रूपात पांडुरंगाने दाम भरले, ती कथा ज्या दरबारात घडते तो दरबार बीदरचा.

रस्ता हैदराबादचाच: नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद आणि तिथून डावीकडे. पहिल्या दिवशी सकाळी निघून दुपारी पोहोचावं. बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा आधी बघावा, कारण तो गावातच आहे. १४७२ चा हा मदरसा इराणी घडणीचा: दर्शनी भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशा होत्या, त्यांचे तुकडे अजून चिकटलेले दिसतात. दोन मनोऱ्यांपैकी एकच उरला आहे. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला होता, १६९६ मध्ये त्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाची एक बाजू गेली.

दुसरी सकाळ किल्ल्याची. तीन तास तरी हवेत. खंदक तिहेरी आहे आणि तो जांभ्या दगडात कोरून काढला आहे, बांधलेला नाही. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आणि लाकडावरचं कोरीवकाम आहे. मात्र त्याला अनेकदा कुलूप असतं. आत शिरल्या शिरल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारावं, शेवटी विचारलं तर माणूस जेवायला गेलेला असतो आणि महाल राहतो.

दुपारी अष्टूर. बहमनी सुलतानांच्या कबरी गावाच्या पूर्वेला, चार-एक किलोमीटरवर एका रांगेत आहेत. अहमदशहा वलीच्या कबरीत छतावर सोनेरी आणि शेंदरी रंगाची नक्षी आहे. जवळ टॉर्च ठेवा, फ्लॅश वापरू नका. अहमदशहा वलीच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोघेही येतात. शेजारी बहमनी सुलतान हुमायूनची कबर वीज पडून अर्धी कोसळली आहे. घुमट आतून किती जाड असतो, विटा कशा रचतात, हे उभं चिरल्यासारखं तिथे दिसतं. विजापूरचा घुमट बघून जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं ही पडकी कबर देते.

बिद्री वस्तू घ्यायची असेल तर पारख करून घ्या. जस्त साधारण सोळा भाग आणि तांबं एक भाग, असा हा मिश्रधातू साच्यात ओततात. वर छिन्नीने नक्षी खोदून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्याचा हात दिला की जस्ताचा धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. त्यामुळे काळा हा रंग लावलेला नसतो. वस्तू हातात जड लागली पाहिजे, आणि नखाने चाचपल्यावर चांदीची कड वर आलेली नको. घरी आणल्यावर चिंच-लिंबाने घासू नका. खोबरेल तेलाचं बोट फिरवून कापडाने पुसलं की पुरतं.

बीदरच्या वाटेवर बसवकल्याणला वळा. महामार्गापासून फार आत नाही. चालुक्यांचं कल्याण ते हेच, आणि बाराव्या शतकात बसवण्णांचा अनुभवमंटप, म्हणजे शरणांची चर्चासभा, इथेच भरायचा. आपले ग्रामदैवत शिवयोगी सिद्धरामेश्वर त्या मंटपात होते, अशी शरणपरंपरा आहे. गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्या घराने एकदा इथे यायला हवं.

गुलबर्गा

इथे बघायचं ते मुख्यतः तीन ठिकाणी: किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद, हफ्त गुंबज आणि सूफी संत ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा. मशिदीचं वेगळेपण म्हणजे तिला मोकळं अंगणच नाही, सगळी जागा घुमटांखाली झाकलेली. बुटक्या, रुंद कमानींच्या रांगा फार शांत वाटतात. चार तासांत हे सगळं आटोपतं. मुंबई-चेन्नई मार्गावर असल्यामुळे रेल्वे भरपूर आहेत, दोन तासांच्या आत पोहोचता येतं. वाटेतच गाणगापूर रोड स्टेशन लागतं, तिथून दत्तक्षेत्र वीस-बावीस किलोमीटर. सकाळी दर्शन, दुपारी गुलबर्गा, रात्रीची गाडी परत, असा दिवस नीट बसतो. दर्ग्याच्या उरुसात मात्र हा बेत टाळा.

हैदराबाद

पाचांमध्ये हे एकच महानगर. चारमिनार १५९१ चा, मक्का मशीद, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा आणि बाजार हे सगळं जवळजवळ आहे, पण गोवळकोंडा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही एका दिवशी करायला जाऊ नका, वाहतुकीतच दिवस जातो. गोवळकोंडा सकाळी उघडताच चढावा. फत्ते दरवाजाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारला, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यावर, ऐकू येते, तेव्हा बरोबरच्या एकाला खालीच थांबवा. तिथून कुतुबशाही कबरी जवळच आहेत. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद, त्यामुळे शुक्रवार गोवळकोंड्याला द्या. ज्यांना दगडांचा कंटाळा येतो त्यांना बांगड्या, मोती आणि बिर्याणी आहे; याच कारणाने मोठ्या कुटुंबाला हे शहर सोपं जातं.

हंपी

हंपी हे शहर नव्हे, तुंगभद्रेकाठी मैलोगणती पसरलेली विजयनगरची राजधानी आहे. विरूपाक्ष आणि हेमकूट एका टोकाला, कमलमहाल आणि हत्तीशाळा दुसरीकडे, विठ्ठल मंदिर तिसरीकडे. एका दिवसात करणारे अर्धा वेळ रिक्षात बसतात. अकरानंतर खडक तापतात. म्हणून सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेतीननंतर, असे दोन पूर्ण दिवस आणि प्रवासाचा एक, हा हिशेब धरा. विठ्ठल मंदिराचं आणि कमलमहालाच्या आवाराचं तिकीट एकच असतं आणि त्याच दिवशी चालतं, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. खांब वाजवून बघायला बंदी आहे.

पंढरीच्या माणसाला विठ्ठल मंदिराचा रिकामा गाभारा वेगळा भासतो. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इकडे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी परंपरा आहे. वारकरी घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यायचं असेल तर अंतर जास्त असूनही हंपीच निवडा. देवळाच्या दारापर्यंत बॅटरीच्या गाड्या जातात.

खर्च, सवलती आणि हवा

पाचही ठिकाणं महाराष्ट्राबाहेर आहेत, आणि बसस्टँडवर याचाच हिशेब चुकतो. एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची आणि ७५ वर्षांवरच्यांची मोफत प्रवासाची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. विजापूरच्या गाडीत भीमा ओलांडली की पुढचं पूर्ण भाडं. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपलं आधार कार्ड त्याला चालत नाही.

भाषेची अडचण विजापूर-बीदरला येत नाही, मराठी कळते. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, तीन दिवस काही होत नाही आणि किल्ल्यांच्या आत खायला फारसं मिळतही नाही.

ऋतूचं म्हणाल तर मार्च ते मे पाचही ठिकाणं वर्ज्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हंपीसाठी तर तेवढेच महिने. बीदरला मात्र सप्टेंबरही चालतो, आणि त्याला कारण आहे नळदुर्ग. तिथे बोरी नदीवर धरण घालून त्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ मध्ये पाणीमहाल बांधला आहे. धरण भरून वाहू लागलं की नर आणि मादी हे दोन धबधबे महालाच्या खिडक्यांवरून कोसळतात. पाऊस कमी झाला तर ते सुरूच होत नाहीत, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धरण भरलंय का याची नळदुर्गला चौकशी करा. भरलं असेल तर जाताना न थांबता बीदरहून येताना थांबा, दुपारचं ऊन तेव्हा समोरून पडतं आणि सोलापूर तिथून तासाभराच्या अंतरावर असतं.