पणजोबांचा चेहरा, गुरुजींची ओळ: लातूरमधील एका फोटो-दुरुस्ती दुकानाविषयी

लातूरच्या गंजगोलाई या गोलाकार बाजारपेठेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर जुन्या फोटोंची दुरुस्ती करून फ्रेम बसवून देणारे एक लहान दुकान आहे. मालकांच्या विनंतीवरून नाव देत नाही. गोलाईतल्या फ्रेमवाल्यांकडे चौकशी केली की पत्ता मिळतो. घरातल्या मागच्या पिढ्यांचे फोटो खराब होत असतील, तर ते सोपवण्यासाठी माझ्या माहितीत याहून भरवशाची जागा नाही, असे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांच्या फ्रेमबद्दल मात्र माझी तक्रार आहे, ती पुढे येईलच.

पणजोबांचा आमच्याकडे एकच फोटो आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली आणि पितृपक्ष तोंडावर आलेला असताना, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे अंगावर कोसळून सुमारे १०,००० माणसे गेली. आमच्या घराच्या ढिगाऱ्यातून जे थोडे हाती लागले, त्यात हा फोटो होता. काच तडकलेली होती, पावसाचे पाणी आत शिरून कागद काचेला घट्ट चिकटला होता, डावा गाल आणि पटक्याची एक बाजू खरवडून गेली होती. काच काढून कागद सोडवा, असे मी म्हणताच मालकांनी स्पष्ट नकार दिला. छायाचित्राचा वरचा थर ओलाव्याने काचेला धरलेला असतो आणि काच ओढली की चेहराच काचेबरोबर निघून येतो, हे त्यांनी समजावून सांगितले, आणि दोन्ही बाजूंनी तिरका, सारखा प्रकाश टाकून, काचेवर चमक येणार नाही अशा बेताने, त्यांनी काचेसकटच फोटोची प्रत घेतली.

या दुकानाचे खरे मोल मला त्यानंतर कळले. घरातल्या मुलांनी हाच फोटो आधी मोबाइलवरच्या एका ॲपमधून ‘नवा’ करून घेतला होता. चेहरा गुळगुळीत, डोळे मोठे, पटक्याच्या जागी कुठलीशी पगडी, आणि कानातली भिकबाळी गायब. चित्र सुंदर होते, पण तो माणूस आमच्या घरातला नव्हता, आणि श्राद्धाच्या दिवशी त्या अनोळखी चेहऱ्यापुढे पान मांडायचे ही कल्पनाच मला सहन होईना. मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो पणजोबांच्या भावाचा किंवा मुलांचा फोटो आहे का, हा. चुलत घरातून एक मिळाला. त्यावरून गालाच्या हाडाची ठेवण ताडून त्यांनी पटक्याची घडी आणि जबड्याची कड जुळवली. जिथे आधार सापडला नाही, तो गालाचा तुकडा मात्र आजूबाजूच्या रंगाचा, पण कोरा ठेवला. “जे गेलं ते गेलं, मी मनानं नाक-डोळे लावणार नाही,” हे त्यांचे शब्द. पितरांचा मान राखणे म्हणजे काय, हे त्या माणसाला नेमके ठाऊक आहे.

दुसरा फोटो आजोबांच्या शाळेतला, शिक्षक आणि मुलांच्या समूहाचा. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठीचे शिक्षण टिकवून धरले ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी, जिथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. आजोबांना अक्षर आणि खादी दोन्ही दिली ती अशाच विचारांच्या एका गुरुजींनी. त्यांचे नाव आमच्या घरात आजही वडीलधाऱ्यांच्या नावांसोबत घेतले जाते. गुरूला कुळात सामावून घेण्याची रीत या प्रांतात जुनीच आहे. पैठणच्या एकनाथांनी देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे नाव आपल्या नावाला असे जोडले की अभंगाच्या अखेरीस दोघे एकत्रच भेटतात. या फोटोच्या दुरुस्तीत डाग गेले, चेहरे उजळले. पण त्याहून मोलाचे म्हणजे मालकांनी फोटोची मागची बाजूही स्कॅन केली. तिथे फिकट शाईत ‘१३४८ फसली’ असे लिहिलेले होते. फसली म्हणजे निजामाच्या राज्यातला महसुली सन, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येते, हे त्यांनीच सांगितले, आणि फोटो १९३८-३९ चा, म्हणजे हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाच्या काळातला ठरला.

पणजीचा स्वतंत्र फोटो नाही. एका लग्नाच्या फोटोत, मागच्या रांगेत, पदराआड तुरीच्या दाण्याएवढा तिचा चेहरा आहे. तो मोठा केला तर नुसते ठिपके दिसतील, म्हणून लहानच ठेवा, हा सल्ला मी मानला.

आता तक्रार. फ्रेमचे काम दुरुस्तीच्या तोडीचे नाही. मुद्दाम सांगितल्याशिवाय मधला जाड पुठ्ठा घालत नाहीत, त्यामुळे काच थेट छापील कागदाला टेकते, म्हणजे जुन्या फोटोचे जे झाले तेच नव्या प्रतीचे होण्याची सोय. सोनेरी नक्षीची पट्टी ते आग्रहाने दाखवतात. साधी सागवानी पट्टी मागून घ्यावी लागते. खालच्या नावात ‘कै.’च्या पुढची वेलांटी चुकली होती, ती विनातक्रार बदलून दिली, तरी छापण्यापूर्वी मजकूर स्वतः वाचून घ्यावा. पितृपंधरवड्याच्या तोंडावर गर्दी इतकी असते की दिलेली तारीख पुढे जाते, म्हणून आषाढातच काम द्यावे. दोन्ही फोटोंचा दुरुस्ती-फ्रेमसह खर्च अडीच हजारांच्या आसपास आला, आणि कामाची बारकाई पाहता तो मला रास्त वाटला.

मूळ फोटो भिंतीवर लावू नका, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. काचेवर लावलेले ओले गंध आणि ताज्या फुलांच्या हाराचा ओलावा फ्रेमच्या कडेने आत झिरपतो, उदबत्तीचा धूर कागद पिवळा करतो. म्हणून हार-गंध प्रतीला, आणि मूळ फोटो कोरड्या कपाटात, आम्लरहित कागदात गुंडाळून आडवा. तो कागदही त्यांच्याकडेच मिळतो, फक्त मागावा लागतो.