सुट्टीचा एक दिवस: मुंबईतली खाद्यभ्रमंती की अलिबागची फेरी?

मुंबईत राहणाऱ्या खवय्याला सुट्टीचा एकच दिवस मोकळा मिळतो, तेव्हा त्याच्यापुढे साधारणपणे दोन पर्याय असतात. लोकलने फिरत शहरातल्याच जुन्या खाणावळी धुंडाळाव्यात, किंवा गेटवेवरून बोट पकडून मांडवामार्गे अलिबाग गाठावे. बहुतेक जण खर्च आणि अंतर पाहून हे ठरवतात. माझ्या मते आधी महिना पाहावा.

जून-जुलैत उत्तर सरळ आहे: मुंबईतच राहावे. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी बंद असतात, आणि २०२० मध्ये सुरू झालेली भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) चालू असली तरी समुद्र खवळल्यास तिच्याही फेऱ्या रद्द होतात. त्यातच १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असल्यामुळे, ज्या ताज्या मासळीसाठी एवढा प्रवास करायचा, तीच ताटात येईल याची खात्री नसते.

शहराची खरी श्रीमंती ही की, तासाभराच्या अंतरात तीन वेगवेगळ्या समाजांची स्वयंपाकघरे भेटतात. माटुंगा स्थानकाजवळच्या, १९४२ पासून चालत आलेल्या ए. रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर भात, रसम आणि भाज्या आग्रहाने वाढल्या जातात. दादरला थालीपीठ, साबुदाणा वडा आणि पियूष. धोबीतलावला १९०४ च्या कयानी या इराणी कॅफेत बनमस्का आणि खिमा. आणि तिथून जवळच, बॅलार्ड इस्टेटमध्ये, १९२३ सालच्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलचा आंबटगोड बेरी पुलाव. पोटाची मर्यादा ओळखून यांतली दोनच ठिकाणे निवडावीत. शक्यतो शनिवारी निघावे, कारण रविवारी मेगाब्लॉकमुळे लोकलचे वेळापत्रक कोलमडते आणि खाणावळींबाहेरच्या रांगाही वाढतात.

थंडीत मात्र पारडे निःसंशय अलिबागकडे झुकते, आणि त्याचे कारण म्हणजे पोपटी. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी यांचे थर रचतात, तोंड पाल्यानेच घट्ट बंद करतात, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. आत पाण्याचा थेंबही नसतो. सगळे शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर शिजते, आणि त्या पाल्याचा उग्र सुगंध अंड्यापर्यंत पोहोचतो. शेतातून नुकत्याच खुडलेल्या शेंगांची ही चव मुंबईतल्या कोणत्याही हॉटेलात मिळत नाही, हे मी ठामपणे सांगू शकतो. मात्र पोपटी ऐनवेळी मिळत नाही; जिथे जेवणार तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, आणि त्याच दिवशी परतायचे तर ती दुपारीच लावून घ्यावी लागते. थंडी सरता सरता गेलात तर २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळाही रस्त्याकडेला टांगलेल्या दिसू लागतात.

प्रवासाच्या बाबतीत दोन्ही पर्यायांत मोठा फरक आहे. बोटीला सुमारे तास लागतो, आणि गेटवेच्या बहुतेक बोटींच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला पायी पाहायचा असेल तर ओहोटीची वेळ आधी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, त्यामुळे त्या दिवशी दुपारी किल्ल्यापर्यंत चालत जाता येत नाही. गाडीने जायचे तर जानेवारी २०२४ पासून अटल सेतूमुळे पेणपर्यंतचा बराच वेळ वाचतो, परंतु वडखळ ते अलिबाग हा टप्पा सुट्टीच्या दिवशी आजही रखडवतो.

सोबत वृद्ध किंवा अगदी लहान मुले असतील, तर धक्क्यावरची चढउतार आणि बसमधली गर्दी लक्षात घेऊन मी हिवाळ्यातही माटुंगा-दादरच सुचवेन. तरीही त्यांना अलिबागला न्यायचेच असेल, तर एक मुक्काम करावा: पोपटी एरवी संध्याकाळी लावतात, आणि ती तयार होईपर्यंत परतीची शेवटची बोट निघून गेलेली असते.