आजोबांचं मेडल: घरी ठेवायचं, संग्रहालयात द्यायचं की विकायचं?

चवथीच्या आधी देवघरातली भांडी घासायला काढली की आमच्या डिचोलीच्या घरी आजोबांचं मेडलही त्याच परातीत यायचं. आजी ते चिंचेनं घासायची, आणि प्रेमापोटी जरा जास्तच जोरात. 1947 चं जनरल सर्व्हिस मेडल. लाल फितीवर गर्द हिरव्या रेघा, वर ‘गोवा 1961’ असा क्लास्प, म्हणजे मोहिमेचं नाव असलेली धातूची पट्टी. मेडलवरची भवानी तलवार आता डोळ्यांना नीट दिसत नाही, अंगठा फिरवला की लागते. पोर्तुगीज राजवटीत घाट ओलांडून बेळगावात भरती झालेला माणूस सैन्याबरोबर आपल्याच मुलखात परत आला, त्याची ही एवढीच खूण.

आजोबा गेल्यावर प्रश्न आला: ठेवायचं, द्यायचं की विकायचं? तुमच्याही कपाटात असा डबा असेल, तर तिन्ही वाटा तपासूनच ठरवा.

आधी मालकी. पदक सरकारचंच असतं, आपण फक्त सांभाळतो, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. सेवेत असलेल्या सैनिकानं आपलं पदक विकणं, गहाण टाकणं, मोडणं किंवा विद्रूप करणं हा लष्करी कायदा 1950 च्या कलम 54 खाली गुन्हा आहे, पण हे बंधन त्या कायद्याखाली येणाऱ्या माणसावर आहे. तो गेल्यावर पदक त्याच्या बाकीच्या चीजवस्तूंसारखं वारसांकडे येतं. इथे गोव्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मुलगा-मुलगी समान वारस, आणि मृत्युपत्र केलं तरी मुलांचा राखीव अर्धा वाटा काढून घेता येत नाही. 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यानंही तेच कायम ठेवलं. म्हणजे डबा थोरल्याच्या कपाटात असला म्हणून मेडल थोरल्याचं होत नाही. आमच्या एका चुलतभावानं गिऱ्हाईक ठरवूनही टाकलं होतं आणि लग्न होऊन म्हापशाला गेलेल्या आत्याला कुणी विचारलंच नव्हतं. ती आली, मेडल हातात घेऊन बराच वेळ बसली. मग व्यवहार तिथेच थांबला.

विक्रीबद्दल मी सरळच सांगते: शेवटची वाट. पण मनाई सरसकट नाही, वयावर अवलंबून आहे. पुरातन वस्तू कायदा 1972 प्रमाणे शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते. पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या रेषेपलीकडे गेली आहेत. ती परदेशी नेणं, अगदी कुरिअरनं लंडनच्या गिऱ्हाइकाला पाठवणंसुद्धा निर्यातच, आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. देशात पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा दारात आलेल्या दलालाकडे तो आधी मागा. दुसऱ्या महायुद्धाची आणि स्वातंत्र्यानंतरची मेडलं अजून शंभरीत नाहीत. मात्र बाहेर पाठवायची वेळ आली तर वस्तू पुरातन नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्या, नाहीतर कस्टमला अडकाल. आणि सोनाराकडे कधीच जाऊ नका. पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल बहुतेकांना चांदीचं मिळालं, आणि 1980 च्या सुमारास चांदी कडाडली तेव्हा अशी कितीतरी वितळली. कडेवर कोरलेला नंबर आणि नाव, जे शोधायला आज नातवंडं वणवण करतात, ते मुशीत गेलं.

संग्रहालय ही मानाची वाट. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा माणूस असेल तर साखळीहून चोर्ला घाट चढून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला जा. तिथे संग्रहालय आहे, आणि पलटणीच्या माणसाला क्लास्पचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नौदलाच्या वैमानिक शाखेतला असेल तर बोगमाळोजवळचं नौदल हवाई संग्रहालय. पण एक फरक नीट समजून घ्या: भेट दिलं की गेलं. पुढे ते गोदामात ठेवलं तरी परत मागता येत नाही. त्यापेक्षा ठरावीक मुदतीचा उसना करार करा. मुदत, प्रदर्शनात ठेवणार की नाही, परत कुणाच्या हाती द्यायचं, सगळं लेखी, सगळ्या वारसांच्या सह्यांनी. शौर्यपदक असेल किंवा घरात पुढे कुणी सांभाळणारं नसेल, तर मी हीच वाट सुचवीन. शौर्यपदकाचा भत्ता बंद होईल म्हणून काही विधवा घाबरतात. तो भत्ता धातूशी बांधलेला नाही.

साधं मोहिमेचं मेडल मात्र घरीच शोभतं, पण आमच्यासारखं सांभाळू नका. चिंच, राख, पॉलिश, काही नको. प्रत्येक घासणीला ठसा थोडा जातोच. गोव्यात खरा शत्रू दमट हवा. जूनपासून फितीला बुरशी लागते, तेव्हा सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती दर महिन्याला बदला. रबरबँड आणि लोकरीनं चांदी काळी पडते. प्लॅस्टिकची चिकट पिशवी तर नकोच. आम्लरहित कागदात गुंडाळा. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, सोबतच ठेवा. कागद हरवला की मेडल मुकं होतं. कडेचा फोटो सगळ्या भावंडांना पाठवून द्या.

आणि घालायचं असेल तर? स्मारकावर मानवंदनेच्या वेळी जवळचे नातेवाईक दिवंगताची मेडलं उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू मिळवणाऱ्याची. सैनिक नसताना सैनिक भासवण्यासाठी लावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमचं मेडल घरीच आहे, आत्याच्या नावानं लिहिलेल्या कागदासह. तिच्यानंतर कुणाकडे, तेही त्यात लिहिलं आहे. यंदाच्या 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, ती ते उजव्या बाजूला लावून जाईल. फीत बदलायची नाही, असं तिनं आधीच बजावलं आहे.