टर्बो ड्राइव्ह: काही महिने रोज वापरल्यावर

आमचं ग्रंथालयाच्या देवघेवीचं अ‍ॅप रेल्सवर (रुबी भाषेतली वेब अ‍ॅप बनवण्याची चौकट) आहे. सभासद शोधा, पुस्तक शोधा, नोंद करा, परत यादीवर या. काउंटरवर दिवसभर पानं बदलत राहतात. गेले काही महिने हे सगळं टर्बो ड्राइव्हवर, म्हणजे पूर्ण रीलोड न करता पानं बदलणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालतंय. एचटीएमएल सर्व्हरच तयार करत असेल, तर रिअ‍ॅक्टकडे (ब्राउझरमध्येच पान रचणाऱ्या लायब्ररीकडे) वळण्याआधी हे नक्की वापरून बघा, असं मी मनापासून सांगेन.

लिंकवर क्लिक झालं की टर्बो ते अडवतं, नवं पान मागच्या मागे मागवतं, बॉडी (पानाचा दिसणारा भाग) बदलतं, हेडमध्ये (शीर्षक, स्टाइल, स्क्रिप्ट यांच्या न दिसणाऱ्या भागात) नवं असेल ते जोडतं आणि वरचा पत्ताही बदलतं. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट पुन्हा लोड होत नाही. ही कल्पना पीजॅक्स या जुन्या लायब्ररीच्या काळापासूनची. मग रेल्स ४ मध्ये टर्बोलिंक्स आलं आणि डिसेंबर २०२० मध्ये हॉटवायर या साधनांच्या संचासोबत टर्बो.

डेटाबेसची संथ क्वेरी मात्र संथच राहते. वाचतात ते ब्राउझरचे कष्ट, म्हणून काउंटरवरच्या जुन्या पीसीवर फरक लगेच कळला आणि माझ्या लॅपटॉपवर जेमतेम. टर्बो ८ पासून माउस लिंकवर रेंगाळला तरी पान आधीच मागवलं जातं. साध्या लिंकने डेटा बदलण्याची सोय कुठे ठेवली असेल, तर ती आधी काढा.

खरी किंमत मोजावी लागते ती जावास्क्रिप्टमध्ये, कारण पान बदललं तरी आधीची स्क्रिप्ट संपत नाही. पान तयार झाल्याचा 'डीओएमकंटेंटलोडेड' इव्हेंट एकदाच येतो. डॉक्युमेंटवर लावलेले लिसनर (क्लिक, कळ दाबणं अशा घटनांची वाट पाहणारा कोड) आणि टायमर पुढच्या पानावरही जिवंत असतात. बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखा अक्षरं पाठवतो. त्याचा लिसनर प्रत्येक पानाला येणाऱ्या 'टर्बो:लोड' इव्हेंटला नव्याने लावला, तर चार पानं फिरल्यावर एका स्कॅनच्या अनेक नोंदी होतात. हॉटवायरमधल्या स्टिम्युलस लायब्ररीत कनेक्टला (घटक पानावर आला की) लावायचा आणि डिस्कनेक्टला (तो गेला की) काढायचा, हाच मला पटलेला मार्ग.

कॅशेकडेही, म्हणजे टर्बो जपून ठेवतं त्या पानांच्या प्रतींकडेही, लक्ष हवं. आधी पाहिलेल्या पानाची लिंक दाबली की टर्बो त्याची जुनी प्रत क्षणभर दाखवतं, मग ताजं पान आणतं. दिलेलं पुस्तक तेवढ्यात 'उपलब्ध' दिसतं, आणि वाचक समोर उभा असताना तो क्षणही नको असतो. अशा पानांच्या हेडमध्ये कॅशेचा मेटा टॅग 'नो-प्रिव्ह्यू' ठेवावा.

जुने फॉर्म टर्बोवर आणताना स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक) तपासा. भरलेल्या माहितीत चूक असेल तर ४२२, जतन झाल्यावर दुसऱ्या पानाकडे रीडायरेक्ट ३०३ ने. चुकांसह फॉर्म २०० ने ('सगळं ठीक' या कोडने) परत पाठवला, तर स्क्रीन जागची हलत नाही आणि तक्रार फक्त ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दिसते.

एका बाबतीत मी अजून नाराज आहे. पूर्ण रीलोड झाला की स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) नव्या पानाचं शीर्षक वाचतो. इथे तो गप्प राहतो. दृष्टिहीन वापरकर्त्याला आपण दुसऱ्या पानावर आलो हेच कळत नाही. त्यासाठी आम्ही एक 'एरिया-लाइव्ह' पट्टी (जिच्यातला मजकूर बदलला की स्क्रीन रीडर तो वाचतो) ठेवली, बॉडी बदलली तरी ती टिकावी म्हणून तिला आयडी आणि 'डेटा-टर्बो-परमनंट' दिलं, आणि पान आलं की तिच्यात शीर्षक भरतो. ही सोय टर्बोतच असायला हवी होती.

आलेखांच्या अहवालावर जुनी लायब्ररी जुळेना, म्हणून तिकडे जाणाऱ्या लिंकवर 'डेटा-टर्बो' फॉल्स केलं. ते पान पूर्वीसारखं पूर्ण लोड होतं, बाकी अ‍ॅप टर्बोवरच आहे.