ईडन व्हॅली की क्लेअर व्हॅली?
दक्षिण ऑस्ट्रेलियातील या दोन्ही प्रदेशांची रीसलिंग (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची) वाइन बहुधा कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आणि लिंबाच्या गंधाची असली, तरी दोघींचा स्वभाव वेगळा आहे. ईडन व्हॅलीतील बरेच मळे समुद्रसपाटीपासून ४०० ते ५०० मीटर उंचीवर असल्याने, शेजारच्या सखल बरोसा व्हॅलीपेक्षा तेथे द्राक्षे सावकाश पिकतात, आम्लता टिकते आणि फुलांचा सुगंध नाजूकपणे उतरतो. क्लेअरमध्ये उन्हाळी दिवस तापतात, पण रात्री थंड असतात; तिथली वाइन मला अधिक भरीव वाटते, त्यातही क्लेअरमधल्याच वॉटरव्हेल भागातील चुनखडीवरची मोकळी, तर पोलिश हिल भागातील पाटीच्या दगडावरची करारी. २००० साली क्लेअरच्या उत्पादकांनी बुचाऐवजी फिरकीचे झाकण स्वीकारले, हे त्यांचे मोठे योगदान होय. मात्र बाटली दहा वर्षे जपायची असेल, तर मी ईडनची निवडेन.