लघुऑर्किडसाठीची काचेची पेटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वीतभरही न वाढणाऱ्या लघुऑर्किडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेच्या पेट्यांपैकी एक मी गेले आठ महिने वापरत आहे. तिच्यात वर एलईडी दिवा, मागच्या कोपऱ्यात छोटा पंखा, दाराच्या आतल्या बाजूला आर्द्रतामापक आणि तो ठरावीक आकड्याखाली गेला की तुषार सोडणारा पंप आहे. पेटी घेण्याचे कारण साधे होते. या रोपांच्या कुंड्या इतक्या लहान असतात की त्यांतले स्फॅग्नम मॉस (मुळांभोवती भरायचे, पाणी धरून ठेवणारे शेवाळ) बघता बघता वाळते, आणि त्या धास्तीने दिवसातून दोनदा पाणी घालू लागले की मुळे कुजतात. खिडकीत ठेवलेली माझी तीन रोपे अशीच गेली.

वाळण्याची अडचण पेटीने लगेच सोडवली, हे मान्य करायला हवे. सालीवर बांधलेल्या हाराएला या लघुऑर्किडच्या मुळांना काही आठवड्यांतच हिरवी टोके फुटली आणि सुरकुतलेली पाने पुन्हा ताठ झाली. दिव्याबद्दलही तक्रार नाही. पानांवर लालसर झाक आली तर रोप खाली न्यावे आणि पाने गडद हिरवी होऊन फूल येईना, तर वर घ्यावे, एवढे पुरते.

कुजण्याची अडचण मात्र पेटीने सोडवली नाही, उलट वाढवली. दुसऱ्या महिन्यात छोट्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचा शेंडा काळा पडून हातात आला, तेव्हा मी कारण शोधू लागलो. मापक दारावरून काढून, ओलसर केलेले मीठ भरलेल्या छोट्या झाकणासह घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवला. अशा डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा मापक ६६ दाखवत होता. म्हणजे हवा पुरेशी दमट असूनही पंप सुरू होत होता आणि दिवा विझण्याच्या तोंडावरही तुषार उडवत होता. त्यात पंखा दिव्याच्याच जोडणीवर असल्याने रात्री तोही बंद. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी स्तब्ध हवेत रात्रभर तसेच राहिले, तर शेंडा कुजणारच. या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू पंखा आहे आणि उत्पादकाने नेमकी तिचीच आबाळ केली आहे. मी पंख्याला स्वतंत्र जोडणी देऊन तो चोवीस तास चालू ठेवला, पंप मापकापासून तोडला आणि फवारणी फक्त सकाळी ठेवली. त्यानंतर एकही शेंडा गेलेला नाही. बेचक्यात पाणी राहिलेच, तर टिपकागदाचे टोक लावून ते शोषून घेता येते.

पंपाबद्दल आणखी एक. साधे जड पाणी वापरले की त्याचे तोंड क्षारांनी बुजते, काचेवर पांढरे डाग पडतात आणि मुळांची टोके करपतात. पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे लागेल, हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेले नाही.

खोक्यावरच्या चित्रात मासडेवालिया आणि ड्रॅक्युला हे ऑर्किड बहरलेले दाखवले आहेत, ही मात्र शुद्ध दिशाभूल आहे. ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या ढगाळ, थंड अरण्यांतली झाडे. त्यांना रात्री चांगलाच गारवा लागतो. ही पेटी तर दिव्याच्या उष्णतेने खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी गरमच राहते आणि तिच्यात थंडाव्याची कसलीही सोय नाही. त्या चित्राला भुलून पेटी घेऊ नये.

उबदार हवेत वाढणाऱ्या जातींसाठी मी ही पेटी घ्यायला सांगेन, पण पंपाशिवायचा प्रकार मिळाल्यास तोच घ्यावा. सकाळी हातानेच फवारले की प्रत्येक रोप जवळून पाहिले जाते आणि पानाखाली दडलेला पिठ्या ढेकूण शेजारच्या रोपांवर पसरण्याआधीच सापडतो.