रस्त्यावर की मसुद्याच्या टेबलावर?

एआयच्या धोरणात तरुणांनी शिरायचं कुठून? एक वाट रस्त्यावरची. 2020 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये कोविडमुळे बारावीच्या तोडीची ए-लेव्हल परीक्षा झालीच नाही, ग्रेड अल्गोरिदमने, म्हणजे संगणकावरच्या ठरावीक सूत्राने ठरवल्या. शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल त्यात धरले होते. म्हणजे कमी निकालाच्या शाळेतली हुशार मुलगी आपल्या आधीच्या बॅचमुळे खाली ओढली गेली. पाच किंवा कमी मुलांच्या वर्गात मात्र शिक्षकांचाच अंदाज धरला, त्याचा फायदा खासगी शाळांना जास्त झाला. मुलं फलक घेऊन उतरली आणि 13 तारखेचा निकाल 17 तारखेला मागे घेतला गेला. चार दिवसांत!

दुसरी वाट सल्लामसलतीची. मुलांसाठीच्या एआयवर युनिसेफने 2021 मध्ये मार्गदर्शिका काढली, त्याआधी अनेक देशांत किशोरवयीनांच्या कार्यशाळा घेतल्या. ही वाट संथ आहे, मार्गदर्शिका कुणावर बंधनकारकही नाही. तरी मला हीच जास्त मोलाची वाटते, कारण इथे नुकसान व्हायच्या आधी विचारलं जातं. अट एकच: मुलांची कुठली सूचना घेतली, कुठली टाळली आणि का, हे त्यांना लेखी कळवा.